साधन आणि श्रोता : लोकशाही भारत व सालाझारचा गोवा (1947–1961)

प्रस्तावना

लोकशाही राष्ट्राला किंवा लोकशाही राष्ट्रांच्या गटाला हुकूमशाही शेजारी लाभला तर त्याच्याशी कोणत्या साधनांनी व्यवहार करावा, हा आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासातील जुना प्रश्न आहे. युरोपीय संघ व बेलारूस यांच्या संबंधांमुळे गेल्या काही वर्षांत त्याची पुन्हा चर्चा झाली. तथापि मराठी अभ्यासकाला या प्रश्नासाठी युरोपात जाण्याची निकड नाही. 1947 ते 1961 अशी चौदा वर्षे महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेवर हाच प्रश्न उभा होता. सीमेच्या एका बाजूला नुकतेच प्रजासत्ताक झालेले, सार्वत्रिक मताधिकार स्वीकारलेले राष्ट्र होते आणि दुसऱ्या बाजूला लिस्बनहून चालणारी आंतोनिओ सालाझार यांची राजवट होती.

गोवामुक्तीविषयी मराठीत विपुल लेखन झालेले आहे. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार स्मरणपर असून त्यात सत्याग्रही, तुरुंगवास, गोळीबार आणि हौतात्म्य यांचे वर्णन येते. दुसरा प्रकार आरोपपर असून पंडित नेहरूंनी चौदा वर्षे वाया घालविली, जे काम छत्तीस तासांत झाले ते आधीच करता आले असते, असा त्याचा सूर असतो. पहिल्या लेखनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. दुसऱ्यातही तथ्यांश आहे. परंतु भारताने जी साधने वापरली ती कोणाला उद्देशून होती, आणि ज्याला उद्देशून होती त्याच्यापर्यंत ती पोहोचत होती काय, हा प्रश्न या दोन्ही प्रकारांत क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात गोवाविषयक धोरणाची चिकित्सा याच अंगाने केली आहे. सत्याग्रह, नाकेबंदी, न्यायालयीन लढा, जागतिक लोकमत यांपैकी प्रत्येक साधनाला एक श्रोता लागतो. श्रोता चुकला तर साधन नैतिकदृष्ट्या कितीही शुद्ध असो, त्याचे फळ मिळत नाही आणि किंमत मात्र कोणाला तरी मोजावी लागते.

सालाझारशाहीचे स्वरूप

सालाझार 1928 मध्ये पोर्तुगालचे अर्थमंत्री व 1932 मध्ये पंतप्रधान झाले. 1933 च्या राज्यघटनेने 'एस्तादो नोव्हो' म्हणजे 'नवे राज्य' अस्तित्वात आले. एकच मान्य राजकीय संघटना, वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आणि 1945 पासून 'पिडे' या नावाने ओळखले जाणारे गुप्त पोलीस ही या राज्याची प्रमुख अंगे होत. 1930 च्या वसाहत कायद्याने साम्राज्य हा पोर्तुगीज राष्ट्राच्या अस्तित्वाचाच भाग मानला होता. 1951 मध्ये घटनादुरुस्ती करून वसाहतींना 'सागरापलीकडील प्रांत' असे नाव देण्यात आले. हा केवळ शब्दच्छल नव्हता. वसाहत म्हटले की ती सोडण्याची वाटाघाट संभवते. प्रांत म्हटले की वाटाघाटीचा विषयच उरत नाही. भारत सरकारने 27 फेब्रुवारी 1950 रोजी लिस्बनला पत्र देऊन चर्चेची मागणी केली आणि ती नाकारण्यात आली, तेव्हा या पुढच्या वाटचालीची दिशा स्पष्ट झाली होती. 11 जून 1953 रोजी भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली.

गोव्यातील अंतर्गत विरोधाची गत काय होती हे त्रिश्तांव द ब्रागांस कुन्य (टी. बी. कुन्हा) यांच्या उदाहरणावरून कळते. 1928 मध्ये गोवा काँग्रेस समितीची स्थापना करणाऱ्या या विचारवंताला 1946 मध्ये लष्करी न्यायाधिकरणापुढे उभे करून आठ वर्षांची शिक्षा देण्यात आली व पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्याच वर्षी 18 जून रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी डॉ. ज्युलिआंव मिनेझिस यांच्यासह मडगाव येथे सभाबंदी मोडली होती. लोहियांना गोव्याबाहेर काढण्यात आले, कुन्हांना समुद्रापार पाठविण्यात आले. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हद्दपारी आणि घरच्या माणसाला किल्ला, हा फरक पुढील सर्व घटनाक्रमात लक्षात ठेवावा लागतो.

या ठिकाणी खानदेशातील वाचकाच्या मनात एक शंका येणे साहजिक आहे. नरडाणा ज्या तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गावर आहे त्याच मार्गावरील नंदुरबारला 9 सप्टेंबर 1942 रोजी शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. ब्रिटिश राज्यही गोळ्या घालत होते. मग सालाझारचे राज्य वेगळे ते कोणत्या अर्थाने? ब्रिटिशांची गोळी अधिक सौम्य होती असे कोणी म्हणणार नाही. पण गोळी सुटल्यानंतर लंडनमध्ये तिच्याविषयी प्रश्न विचारणारी पार्लमेंट होती, टीका करणारी वृत्तपत्रे होती आणि 1945 मध्ये चर्चिलसारख्या युद्धविजेत्या नेत्याला घरी बसविणारा मतदार होता. गांधीजींच्या सत्याग्रहाला दिल्लीइतकाच लंडनमध्येही श्रोता होता. शिवाय याच पश्चिम खानदेशात, शिंदखेडा तालुक्यातील चिमठाणे येथे, 1944 मध्ये क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला होता. म्हणजे साधनांविषयीचा वाद येथील मातीलाही परका नाही. लिस्बनमध्ये मात्र 1955 साली प्रश्न विचारणारी संसद नव्हती. 1958 मध्ये जनरल उंबेर्तो देल्गादो यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत राजवटीला आव्हान दिले, तेव्हा पुढील वर्षी राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द करण्यात आली. 1965 मध्ये पिडेने देल्गादो यांची हत्या केली.

1955 चा सत्याग्रह

1954 मध्ये पुण्यात गोवा विमोचन सहायक समितीची स्थापना झाली. केशवराव जेधे तिचे अध्यक्ष आणि जयंतराव टिळक चिटणीस होते. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघीय, हिंदुमहासभावादी अशा एरवी एकमेकांच्या सावलीलाही न उभे राहणाऱ्या मंडळींना समितीने एका मांडवाखाली आणले, ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील असामान्य घटना होय. मे 1955 मध्ये ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली तुकडी गोव्यात शिरली. जुलैमध्ये मधु लिमये गेले. त्यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. गोरे, शिरूभाऊ लिमये, जगन्नाथराव जोशी, त्रिदिब चौधरी यांनीही पोर्तुगीज तुरुंगवास भोगला.

15 ऑगस्ट 1955 रोजी हजारो सत्याग्रही एकाच दिवशी वेगवेगळ्या वाटांनी सीमा ओलांडून गेले. पोर्तुगीज पोलिसांनी व सैनिकांनी निःशस्त्र माणसांवर गोळीबार केला. वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. बांद्याच्या पुढे पत्रादेवी येथे पंजाबातील कर्नैलसिंग बेनिपाल मारले गेले. मध्य प्रदेशातील सहोदराबाई राय हातात ध्वज असताना जखमी झाल्या. पत्रादेवीला आज हुतात्मा स्मारक आहे.

या बलिदानाविषयी आदर बाळगूनही समीक्षकाला काही प्रश्न टाळता येत नाहीत. सत्याग्रहाची भूमिका अशी असते की सत्याग्रहीच्या आत्मक्लेशाने प्रतिपक्षाच्या मनात किंवा निदान त्याच्या समाजात परिवर्तन घडावे. सालाझारच्या समाजात ही बातमी पोहोचली ती नियंत्रित वृत्तपत्रांतून, आणि तीही 'परकीय टोळ्यांचे आक्रमण' या रूपात. गोव्याच्या आतील जनतेला सभा घेण्याची मुभा नव्हती. म्हणजे श्रोता उरला तो भारतीय नागरिक व परदेशी पत्रकार. भारतीय नागरिक आधीच पटलेला होता. त्याच्या मनात यातून जो क्षोभ उसळला, त्याचे ओझे पुन्हा नेहरू सरकारवरच येऊन पडले.

सरकारचे वर्तन अधिक आक्षेपार्ह वाटते ते दुसऱ्याच कारणाने. भारतीयांनी सामुदायिकरीत्या सीमा ओलांडावी की नाही याविषयी दिल्लीची भूमिका 1954 पासून दोलायमान होती. कधी अटकाव, कधी दुर्लक्ष, कधी मूक संमती. ऑगस्ट 1955 मध्ये सत्याग्रही सीमेकडे निघाले तेव्हा त्यांना रोखले गेले नाही. गोळीबार झाल्यावर, सप्टेंबरमध्ये, काँग्रेसने व सरकारने अशा सामुदायिक प्रवेशाला विरोध जाहीर करून सीमा बंद केली. निःशस्त्र नागरिकांचा सीमाप्रवेश हा राज्याच्या धोरणाचा भाग होता असे मानले तर त्यांच्या प्राणांची जबाबदारी राज्यावर येते. नव्हता असे मानले तर त्यांना आधीच अडविणे हे राज्याचे कर्तव्य ठरते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी टाळण्याचा प्रयत्न झाला. लोकमतापुढे झुकणे आणि लोकमताचे नेतृत्व करणे यांतील अंतर लोकशाही सरकारला परराष्ट्र व्यवहारात नेहमीच ओळखता येते असे नाही.

यानंतर गोव्याचा प्रश्न महाराष्ट्रातही काहीसा मागे पडला. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबर 1955 मध्ये प्रसिद्ध झाला आणि मुंबईच्या प्रश्नावर सारे मराठी मन एकवटले. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, जयंतराव टिळक यांची शक्ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लागली. गोरे 1957 च्या निवडणुकीत पुण्यातून लोकसभेवर निवडून आले ते तुरुंगातून सुटल्यानंतर लगेचच. मराठी जनतेची कृतज्ञता त्यातून दिसते. पण जे गोमंतकीय कैदी मागे राहिले होते त्यांच्या वाट्याला निवडणूकही नव्हती आणि सुटकाही.

नाकेबंदीचा हिशेब

सत्याग्रहाच्या जोडीला भारताने 1954–55 पासून आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे वाहतूक थांबली, व्यापार बंद झाला, पैसे पाठविण्यावर निर्बंध आले, प्रवासाला परवाने लागू झाले. तर्क सरळ होता. गोव्याचे पोट भारतावर अवलंबून आहे. ते आवळले की लिस्बनला वाटाघाटीला यावे लागेल.

हा तर्क दोन ठिकाणी चुकला. पहिली चूक राजवटीच्या आर्थिक बळासंबंधी होती. याच काळात गोव्यातील लोहखनिजाची निर्यात झपाट्याने वाढत होती आणि जपान व पश्चिम जर्मनी हे तिचे ग्राहक होते. मुरगाव बंदर समुद्राकडे उघडे होते. भारताने जे अडविले ते लांबून, जहाजाने येऊ लागले. 1955 मध्ये दाबोळी विमानतळ सुरू झाला, गोव्यासाठी स्वतंत्र विमान कंपनी निघाली आणि तिची विमाने कराचीला जाऊ लागली. ज्या प्रदेशाला भारताच्या कुशीत ढकलायचे होते तो पाकिस्तानच्या व पोर्तुगालच्या अधिक जवळ ढकलला गेला. एका अर्थी दाबोळीचा विमानतळ हे भारतीय नाकेबंदीचे अपत्य म्हणता येईल. मुक्तीनंतर भारतीय नौदलाला व पुढे पर्यटकांना त्याचा लाभ झाला, हा भाग निराळा.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. त्या काळी गोव्याची लोकसंख्या 6 लाखांच्या आसपास होती आणि हजारो कुटुंबे मुंबईतून येणाऱ्या पैशांवर जगत होती. गिरगाव, धोबीतलाव, माझगाव येथील गावोगावच्या 'कुडां'त राहणारे खलाशी, आचारी, वादक, कारकून हेच त्यांचे कमावते हात. पैशाच्या वाटेवर बंधन आले तेव्हा त्याची झळ सालाझारला लागली नाही, सासष्टी-बार्देशातील म्हाताऱ्या आईबापांना लागली. हे कुटुंब उद्याच्या भारताचे नागरिक होणार होते. त्यांच्या मनात भारताविषयी काय भावना रुजत आहे याचा हिशेब नाकेबंदीच्या ताळेबंदात कोणी मांडल्याचे दिसत नाही. पुढील वर्षांत भारत सरकारनेच निर्बंध सैल करीत आणले, ही अपयशाची अप्रत्यक्ष कबुलीच होय.

युरोपातील अलीकडचा अनुभव यापेक्षा फार वेगळा नाही. ऑगस्ट 2020 च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर युरोपीय संघाने बेलारूसवर निर्बंध लादले. 23 मे 2021 रोजी एका प्रवासी विमानाला मिन्स्क येथे उतरविण्यास भाग पाडून त्यातील विरोधी पत्रकाराला अटक झाली, तेव्हा निर्बंध आणखी कडक झाले. त्याच वर्षी लुकाशेंको राजवटीने तिसऱ्या देशांतील स्थलांतरितांना पोलंड, लिथुआनिया व लाटव्हियाच्या सीमेवर आणून सोडले. राजवट वाकली नाही. ती मॉस्कोवर अधिक अवलंबून झाली आणि 2022 मध्ये तिची भूमी युक्रेनवरील आक्रमणासाठी वापरली गेली. गोव्याला कराची, मिन्स्कला मॉस्को. तथापि युरोपाने एक गोष्ट अशी केली की जिची तुलना भारताच्या धोरणाशी करताना भारताची बाजू लंगडी पडते. मिन्स्कमध्ये 2004 साली बंद पाडलेले युरोपियन ह्युमॅनिटीज विद्यापीठ पुढील वर्षी लिथुआनियातील व्हिल्नियस येथे पुन्हा उभे राहिले आणि बेलारूसी विद्यार्थी तेथे शिकू लागले. राजवटीशी वैर व समाजाशी संबंध, असा भेद तेथे निदान अंशतः पाळला गेला. मुंबईत गोमंतकीयांचा एवढा मोठा समाज असूनही भारताने त्याच्यासाठी असे काही संस्थात्मक उभे केले नाही.

या चौदा वर्षांत योग्य श्रोत्याकडे तोंड करून बोलणारे एक साधन मात्र होते, आणि ते शासनाच्या कल्पनेतून निघालेले नव्हते. नोव्हेंबर 1955 पासून आंबोलीच्या रानातून व नंतर कॅसलरॉकच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. कोंकणी व पोर्तुगीज भाषांतून होणारे त्याचे प्रसारण गोव्यातील सामान्य माणसासाठी होते. नियंत्रित वृत्तपत्रांनी जे दडवले ते तो आपल्या भाषेत ऐकू शकत होता. सहा वर्षे रानात राहून चालविलेल्या या केंद्राचा उल्लेख मराठीतील गोवामुक्तीच्या वर्णनांत बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपतो. गोळीबाराचे दृश्य नसलेल्या कार्याला इतिहासात जागा थोडी मिळते, एवढाच याचा अर्थ. लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री जाहीर झाली ती 2025 मध्ये.

दादरा-नगरहवेली : अपवाद की नियम?

1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगरहवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. दादरा युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सने जिंकले. 2 ऑगस्टला सिल्वासा आझाद गोमंतक दल व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यकर्त्यांच्या हाती आले. संगीतकार सुधीर फडके व राजाभाऊ वाकणकर यांचा या मोहिमेतील सहभाग मराठी वाचकाला परिचित आहे. येथे शस्त्रेही होती व साहसही. पण यशाचे खरे कारण भूगोल होते. हा प्रदेश समुद्रापासून तुटलेला, चोहोबाजूंनी भारताने वेढलेला होता. भारताने पोर्तुगीज सैन्याला वाट नाकारली आणि प्रश्न संपला. हेच सूत्र गोव्याला लागू पडेल असा जो समज त्यानंतर पसरला तो चुकीचा होता, हे मुरगावच्या बंदराकडे पाहून कोणालाही सांगता आले असते.

या प्रकरणाचा न्यायालयीन भाग अधिक लक्षणीय आहे. पोर्तुगाल 14 डिसेंबर 1955 रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि आठच दिवसांनी, 22 डिसेंबरला, त्याने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध मार्गाधिकाराचा दावा दाखल केला. आपल्या नागरिकांना न्यायालयात उभे राहू न देणाऱ्या राजवटीने जागतिक न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा, हा दैवदुर्विलास खरा. भारताने मात्र हा दावा टाळला नाही. मोतीलाल सेटलवाड यांनी बाजू मांडली. विशेष न्यायाधीश म्हणून एम. सी. छागला बसले. 12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायालयाने खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांच्यापुरता पोर्तुगालचा मार्गाधिकार मान्य केला, सैन्य व शस्त्रास्त्रे यांच्यासाठी तो नाकारला आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही असे ठरविले. येथे श्रोता न्यायालय होते, आणि तो ऐकणारा होता. विशेष हे की, मुक्त झालेल्या या प्रदेशाचे भारतात औपचारिक विलीनीकरण ऑगस्ट 1961 पर्यंत थांबविण्यात आले. नेहरूंच्या कायदेशीर संयमाचे हे सर्वांत चांगले उदाहरण होय. त्याची टिंगल करणाऱ्यांनी हेगचा निकाल एकदा पाहावा.

लोकशाही राष्ट्रांचा गट

भारताने ज्या श्रोत्यावर सर्वाधिक भिस्त ठेवली तो म्हणजे पाश्चात्त्य लोकशाही राष्ट्रांचा गट. 4 एप्रिल 1949 रोजी स्थापन झालेल्या उत्तर अटलांटिक करार संघटनेचा, म्हणजे 'नाटो'चा, पोर्तुगाल संस्थापक सदस्य होता. करारनाम्याची प्रस्तावना लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य व कायद्याचे राज्य यांची ग्वाही देते. सालाझारला तिच्यावर सही करताना अडचण आली नाही आणि इतरांना त्याची सही घेताना संकोच वाटला नाही. याचे कारण अटलांटिकच्या मध्यावरील असोरेस बेटांवर अमेरिकेचा विमानतळ होता, हे सर्वश्रुत आहे. करारातील संरक्षणाची हमी भौगोलिकदृष्ट्या गोव्यापर्यंत पोहोचत नव्हती. राजकीय सावली मात्र पोहोचत होती. 2 डिसेंबर 1955 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस व पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्या संयुक्त पत्रकात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचे 'प्रांत' या अर्थाने झाला. म्हणजे 1951 च्या घटनादुरुस्तीतील शब्द वॉशिंग्टनने उचलला. त्याच दिवसांत बुल्गानिन व ख्रुश्चेव्ह भारतात होते आणि गोव्याबाबत भारताची बाजू घेत होते. लोकशाहीचा कैवार घेणारे हुकूमशहाच्या बाजूला व एकपक्षीय राजवटीचे नेते लोकशाही राष्ट्राच्या बाजूला, अशी ही उलटी मांडणी शीतयुद्धाच्या पाठ्यपुस्तकात सहसा ठळकपणे येत नाही.

डिसेंबर 1960 मध्ये आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव 89 विरुद्ध शून्य मतांनी संमत केला, तेव्हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व पोर्तुगाल हे तटस्थ राहिलेल्या नऊ देशांत होते. दुसऱ्याच दिवशी आणखी एका ठरावाने गोव्यासह पोर्तुगीज प्रदेश हे स्वशासनाविना असलेले प्रदेश असल्याचे घोषित केले. 1961 च्या आरंभी अंगोलात उठाव झाला आणि आफ्रिकी राष्ट्रे भारताला विचारू लागली की स्वतःच्या दारातील वसाहत सांभाळून ठेवणारा देश आम्हाला काय मार्गदर्शन करणार. नोव्हेंबरमध्ये अंजदीव बेटावरून भारतीय जहाजावर व मासेमारी नौकेवर गोळीबार झाला. 17 डिसेंबरच्या रात्री भारतीय सैन्य निघाले. 19 तारखेला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. अखेरच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझारचा आदेश त्यांनी मानला नाही. पुढे त्यांना त्यासाठी सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. गोव्याची शहरे, देवळे व चर्चे शाबूत राहिली याचे काही श्रेय या पोर्तुगीज सेनानीच्या अवज्ञेलाही द्यावे लागते. मराठी लेखनात ते फारसे दिले जात नाही.

18 डिसेंबरला सुरक्षा परिषदेत युद्धबंदी व माघारीचा जो ठराव आला त्याचे चारही पुरस्कर्ते, म्हणजे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान, नाटोचे सदस्य होते. सात मते ठरावाच्या बाजूने पडली. विरोधात सोव्हिएट संघ, सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक होते, आणि सोव्हिएट नकाराधिकाराने ठराव बारगळला. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या भवितव्याविषयी काढलेले उद्गार भारतात कटुतेने ऐकले गेले. त्यांच्या युक्तिवादात, शांततेचा उपदेश करणाऱ्या देशाने बळ वापरले, हा भाग खोटा नव्हता. परंतु चौदा वर्षांत शांततामय मार्गाच्या बाजूने लिस्बनवर वजन टाकण्याची शक्ती ज्यांच्यापाशी होती, त्यांनी ते टाकले नव्हते. बळाचा वापर टाळण्याची जबाबदारी एकट्या दुर्बळ बाजूवर टाकणारा हा न्याय होता.

1961 नंतर

मुक्तीनंतर भारताने गोमंतकीयांना प्रथमच थेट विचारले ते 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, या प्रश्नावर 1,72,191 मते केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने आणि 1,38,170 मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली. महाराष्ट्रात हा निकाल अनेकांना धक्कादायक वाटला. ज्यांच्यासाठी रक्त सांडले त्यांनी पाठ फिरविली, अशीही भाषा झाली. परंतु सत्याग्रह व नाकेबंदीच्या काळात ज्या समाजाशी संवाद झालाच नव्हता, तो समाज संधी मिळताच स्वतःच्या मनाने बोलला, यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

मोहन रानडे यांची कथा या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. आझाद गोमंतक दलाच्या या कार्यकर्त्याला 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी अवस्थेत पकडण्यात आले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना लिस्बनजवळील काशियसच्या तुरुंगात नेण्यात आले. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. रानडे झाले नाहीत. ते सुटले जानेवारी 1969 मध्ये, सुधीर फडके यांच्यासारख्यांच्या सततच्या प्रयत्नांनंतर आणि तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे घातलेल्या शब्दानंतर. त्यांचे 'सतीचे वाण' हे आत्मकथन शौर्यकथा म्हणून वाचले जाते. प्रदेश मिळविलेल्या राज्याला आपला माणूस सात वर्षे परत आणता आला नाही, याची साक्ष म्हणूनही ते वाचता येते. तेलो मास्कारेन्हस यांना तर 1970 पर्यंत थांबावे लागले.

सालाझार 1968 मध्ये आजारपणामुळे पदावरून दूर झाले व 1970 मध्ये वारले. 25 एप्रिल 1974 रोजी लिस्बनमध्ये तरुण सैनिकी अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथविली. त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, 31 डिसेंबर 1974 रोजी, नवी दिल्लीत भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश यांनी करारावर सह्या केल्या. सोआरिश यांना स्वतः सालाझारशाहीत तुरुंग व हद्दपारी भोगावी लागली होती. गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले आणि भारताने या प्रदेशांतील पोर्तुगीज भाषा व सांस्कृतिक वारसा यांच्या जतनाला सहकार्य देण्याचे मान्य केले. त्याच वर्षी वासालो इ सिल्वा यांना त्यांचे लष्करी पदही परत मिळाले.